मोले, अणशी, चांदोली आणि एक होकार

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी मला मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं, आणि त्या दिवसापासून मला त्यांचा संशय येऊ लागला.

नवऱ्याने बायकोला जंगल दाखवायला नेलं तर त्यात संशय कसला, असं कुणालाही वाटेल. पण माझी सगळी नोकरी साखळीजवळच्या एका पंचायतीत कारकून म्हणून गेली. आमच्या गोव्यात लग्न झालं की नवऱ्याच्या मालमत्तेत बायको अर्धी धनी होते, वडिलोपार्जित जमिनीतसुद्धा. तिच्या सहीशिवाय ती विकता येत नाही. पोर्तुगीज गेले, हा कायदा राहिला. त्यामुळे जमीन विकायचं ठरलं की नवरे बायकांशी कसे वागू लागतात, ते मी मेजाच्या या बाजूने पुष्कळ पाहिलंय. एकाने बायकोला तिरुपतीला नेलं. एकाने न मागता पाटल्या केल्या. एक जण तर बायकोच्या माहेरच्या जत्रेला जोडीने जाऊन आला, आणि लग्नानंतर त्या गावात त्याने पाऊल टाकलं नव्हतं. मग थोड्याच दिवसांत ती दोघं दाखला मागायला यायची. ती नवी साडी नेसून, तो घाम पुसत.

आम्ही राहतो कारापूरला. ह्यांचं मूळ घर पेडणे तालुक्यात, हळर्णला. तिथल्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला काजूची बागायत आहे, ती ह्यांच्या आणि धाकट्या दिरांच्या नावावर. दीर तिथेच राहतात, काजू गोळा करतात, गणपतीच्या चवथीला आम्ही सगळे तिथे जमतो. मोपाला विमानतळ झाल्यापासून त्या बाजूला मोठ्या गाड्या फिरू लागल्या. काचा खाली करून माणसं विचारतात, ही जागा कुणाची? दिरांना विकायचं होतं, हे मला माहीत होतं. ह्यांना काय हवं होतं, ते मात्र ह्यांनी कधी नीट सांगितलं नव्हतं.

आणि त्यात हे मोले.

हे खाणीवर कामाला होते, खनिज फोडायच्या आणि चाळायच्या प्लांटवर. तिथे झाड म्हणजे मातीच्या आधी काढायची गोष्ट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला माझ्याबरोबर यायचं तर कुरकुर करणारा हा माणूस एके दिवशी सकाळी म्हणाला, "उद्या मोलेला जाऊ. जंगल बघू."

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"तू चल तर."

मोलेला आमच्याबरोबर मडगावकडचं एक कुटुंब होतं. वाटाड्याने सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं की आता बोलायचं नाही, काही दिसलं तर हात करायचा. मडगावची माणसं दोन-तीनदा कुजबुजली, मग तीही गप्प झाली. आम्ही ओळीने चालत होतो. ह्यांनी मला आपल्या उजव्या हाताला ठेवलं होतं. मी चुकून डावीकडे गेले की हे थांबायचे आणि मला हाताला धरून उजवीकडे आणायचे. डाव्या हातात त्यांचा मोबाइल होता. मी मनात नोंद केली.

मग एका ओढ्यापाशी शीळ ऐकू आली. कुणीतरी माणूसच शीळ घालतोय असं वाटावं, इतकी स्वच्छ. वाटाड्याने मान वळवली, आम्ही सगळ्यांनी वळवली. हे समोरच बघत होते. आमच्या माना वळलेल्या पाहून मग त्यांनीही वळवली आणि हसले. मला वाटलं, ह्यांचं लक्ष इथे नाहीच. मनात दुसरंच काहीतरी चाललंय.

पण तोंडावर असं समाधान, की मी ते कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. परत येताना मी विचारलं, "एवढं काय आवडलं तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कसं शांत होतं, बघितलंस ना?"

घरी शांत नव्हतं का? मुलगी बंगळुरूला, सासू-सासरे कधीच गेलेले. घरात आम्ही दोघंच.

एकदा संशय आला की मागच्या गोष्टीही उलगडायला लागतात. संध्याकाळी तिंट्यावर, बाजाराच्या नाक्यावर, जाऊन मित्रांबरोबर बसायची ह्यांची जुनी सवय. ती गेल्या वर्षी सुटली. विचारलं तर म्हणाले, "तेच तेच बोलतात." भजनात पखवाज वाजवायचे, तेही सोडलं. म्हणाले, हात दुखतो. हात कुठला दुखतोय! नारळ सोलताना दुखायचा नाही. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून पोंगा वाजवत आला की आधी हे फाटकात उभे असायचे, गरम उंडे घ्यायला. आता पोदेर निघून जायचा आणि हे ओसरीवर पेपर वाचत बसलेले. म्हणाले, पावाने पोट बिघडतं. टीव्ही बघणं बंद केलं. मोबाइल वाजला की स्क्रीनकडे बघायचे आणि वाजू द्यायचे. मग थोड्या वेळाने बोटाने काहीतरी लिहायचे. मुलीचा फोन आला तर दोन शब्द बोलून लगेच माझ्याकडे. "आईशी बोल."

कुणाशी लिहून बोलतात? एकदा ते आंघोळीला गेले असताना मी बघितलं. दिरांशी. मी वाचलं नाही, फक्त नाव बघितलं. तेवढं पुरे होतं.

त्यानंतर म्हापशाचं झालं. शुक्रवार होता. हे म्हणाले, "साखळीला जातो, गाडीचं काम आहे." मी बसने म्हापशाला गेले, बहिणीच्या मुलीच्या लग्नाचं थोडं सामान घ्यायचं होतं. बाजारात मिरच्या निवडताना समोर बघते तर हे! रस्ता ओलांडून एका इमारतीच्या जिन्याकडे चालले होते. मी मिरच्या तशाच टाकल्या. जिन्याच्या तोंडाशी पाट्या होत्या: खाली कापडाचं दुकान, वर एक वकील, एक दाताचा डॉक्टर, कानाच्या यंत्रांचं एक दुकान, एक क्लास. माझे डोळे वकिलाच्या पाटीवर खिळले. दुसरं काही मी वाचलंच नाही म्हणा ना. बऱ्याच वेळाने हे खाली आले. चेहरा पडलेला. बाजारात न थांबता सरळ स्टँडच्या बाजूला गेले.

संध्याकाळी मी विचारलं, "झालं का गाडीचं काम?"

"हो, हो," म्हणाले.

मला खोटं पकडायची सवय आहे. समोरचा खोटं बोलला की मी गप्प बसते. कागद पुढे आला की मगच बोलायचं, हे मी पंचायतीत शिकले.

जानेवारीत अणशीला गेलो. कारवारच्या पलीकडे, घाट चढून. या खेपेला ठिकाण दिरांनी सुचवलेलं. ह्यांनीच तसं सांगितलं. "त्याच्या ओळखीचं कोण तरी जाऊन आलं, छान आहे म्हणाला." वाटेत मागून एक ट्रक सारखा हॉर्न देत होता. हे बाजूला होईनात. मी ओरडले, "अहो, जाऊ द्या ना त्याला!" तेव्हा दचकून गाडी डावीकडे घेतली. हट्टीपणा, दुसरं काय, असं मी धरून चालले.

अणशीला ज्या घरगुती मुक्कामाला उतरलो, तिथे सकाळी नाश्त्याला एक गृहस्थ भेटले. उंच, पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण. पुण्याचा आहे, म्हणाले. एकटेच आले होते. गप्पिष्ट होते. आम्ही कुठले ते विचारलं, आणि मी कारापूर म्हटल्यावर म्हणाले, "पण साहेबांचं मूळ पेडण्याकडचं असणार. नाही?"

मी चमकले. "कशावरून?"

"अंदाज हो. बोलण्यावरून."

हे त्यांच्यासमोर एक शब्दही बोलले नव्हते.

त्या दिवशी जंगलात आम्ही धनेश पाहिला. झाडाच्या शेंड्यावरून उडाला तेव्हा पंखांचा आवाज आगगाडी जावी तसा झाला. मी ह्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. तोपर्यंत तो पलीकडच्या झाडीत गेलाही होता. हे मात्र पुढे कितीतरी वेळ त्या मोकळ्या शेंड्याकडे बघत होते. पांढऱ्या टोपीवाला मागे उभा राहून पक्ष्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघत होता.

मार्चमध्ये चांदोली. हेही दिरांनीच सुचवलेलं. मला आता सगळं लख्ख दिसत होतं. मोले ही सुरुवात, अणशी म्हणजे मन वळवणं, चांदोली झाली की सही. एकदा वाटलं, नाही म्हणावं, घरी बसावं. पण घरी बसून काय कळणार? मी बॅग भरली.

सकाळी जीप निघायच्या वेळी मागच्या बाकावर ती पांढरी टोपी.

"अरे वा! पुन्हा भेट!" ते गृहस्थ म्हणाले. "जंगलाचं वेड असलेली माणसं अशीच भेटत राहतात."

मी पुढच्या बाकावर बसले होते. हे मागे, आणि ते गृहस्थ सरकून ह्यांच्या डाव्या बाजूला. जीप दगडांवरून खडखडत चढत होती. जंगल संपून वर सडा लागला, करड्या गवताचा, मध्येच काळे कातळ. मी पुढे बघत होते, पण कान मागे होते. इंजिनाच्या आवाजातूनही मला त्या गृहस्थांचं बोलणं ऐकू आलं. अगदी कानाशी वाकून बोलत होते.

"मग हळर्णच्या जागेचं पक्कं धरू ना साहेब?"



"हो, हो," हे म्हणाले.

"भाऊंची तयारी आहेच. वहिनींचं तेवढं तुम्ही बघाल?"

"हो. हो."

मी मागे वळले. हे हसत होते. मोलेला बघितलं होतं तसंच समाधान तोंडावर. मी तोंड उघडणार, एवढ्यात वाटाड्याने हात वर केला आणि चालकाने इंजिन बंद केलं. समोर गवे होते. कातळाच्या पलीकडून एकेक करत पुढे येत होते, काळे, थंड, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. एक मोठा नर आमच्याकडे तोंड करून थांबला. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं.

माझ्या आयुष्यात मी कधी इतकी गप्प बसले नसेन. नवऱ्याने माझ्या पाठीमागे, माझ्या कानांदेखत, अर्धी माझी असलेली जमीन देऊन टाकली होती, आणि मला आवाज काढायची सोय नव्हती. गव्याने मान हलवली. मागच्या माद्या चरत होत्या. किती वेळ गेला कळलं नाही. मग नर वळला आणि सगळा कळप सड्याच्या उतारावरून खाली नाहीसा झाला. सगळे एकदम बोलायला लागले. माझा राग तोवर गोठून गेला होता. ठरवलं, आता काही विचारायचं नाही. ज्या दिवशी कागद पुढे करतील, त्या दिवशी बघू.

परतीच्या वाटेवर आंबोलीच्या अलीकडे ह्यांनी विचारलं, "आवडलं ना तुला?"

मी जनेलातून बाहेर बघत म्हटलं, "कागद कधी आणणार आहेत ते?"

"हो, हो," हे म्हणाले. "परत जाऊ."

माझी थट्टा चालली आहे असं मला वाटलं. कारापूर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षात आल्याचंही दिसलं नाही.

एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, दीर आले. बरोबर पांढरी टोपी. आज टोपी हातात होती. मी दोघांना ओसरीवर बसवलं. हे आतून आले, पाहुण्यांना ओळखलं, आनंदाने हात जोडले. "अरे, तुम्ही! या, या."

आनंद खरा वाटत होता. माझा नवरा इतका चांगला नट असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी चहा केला. कप देऊन तिथेच दाराला टेकून उभी राहिले. दीर म्हणाले, "दादा, हे तेच. मी लिहिलं होतं ना. यांना किल्ल्याखालची जागा पसंत आहे."

"जागा?" हे म्हणाले. "जागेचं मी तुला नाही म्हणून कळवलंय रे."

गृहस्थ हसले. "साहेब, असं कसं? चांदोलीला जीपमध्ये तुम्ही हो म्हणालात. दोनदा म्हणालात. वहिनीही होत्या पुढे."

"काय?" हे म्हणाले.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

हे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. डोळ्यांकडे नव्हे, जरा खाली. त्या गृहस्थांनी बोलता बोलता कप तोंडाला लावला आणि कपाआडून म्हणाले, "वहिनींची हरकत नसेल तर याच महिन्यात उरकू." ह्यांच्या कपाळावर आठी आली. कप खाली आला, ओठ दिसले, तशी आठी गेली. पण तोपर्यंत वाक्य संपलं होतं. ह्यांनी दिरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून मान हलवायला सुरुवात केली.

ते हसणं. मोलेला ओढ्यापाशी, माना वळलेल्या बघून हसले होते तेच ते.

मी ट्रे घेऊन ह्यांच्या पाठीमागून आत निघाले, आणि बरोबर त्यांच्या डाव्या खांद्यामागे थांबले. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, स्वयंपाकघरात आग लागलीय."

हे वळले नाहीत. चहा ढवळत राहिले.

पाहुणे मात्र अर्धे उठले. आणि दीर? दीर जागचे हलले नाहीत. ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. पाहुण्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं.

"आग नाही लागलेली," मी म्हटलं. "बसा. किंवा नका बसू. ह्यांनी त्या दिवशी हो म्हटलं ते जंगलाला. जमिनीचं मला विचारा. माझी सही मिळणार नाही."

"वैनी, उगाच तुम्ही..." दीर म्हणाले.

"भावजी, चहा संपवा."

ती दोघं गेली. गाडीचं दार आपटलं, गाडी सुरू झाली, आणि हे मला विचारत होते, "काय झालं? का गेले ते?"

मी त्यांना हाताला धरून परसात नेलं. का ते माहीत नाही, ओसरीवर बोलावंसं वाटेना. विहिरीपाशी त्यांच्यासमोर उभी राहिले, अगदी तोंडासमोर, आणि हळूहळू विचारलं, "कधीपासून?"

आम्ही घरी जी पेडण्याकडची बोली बोलतो ती इथे लिहिताना मी मराठीत आणली आहे. पण हे एक वाक्य मला तसं करवत नाही. ते म्हणाले, "माका आयकाक येना गो."

मग बोलत राहिले. प्लांटवर शेवटच्या काही वर्षांत कानात घूं घूं सुरू झालं. मग डावा गेला, मग उजवाही जायला लागला. समोर बसून एकच माणूस बोलला तर समजतं. दोघं बोलायला लागले की सगळं धुळीसारखं होतं. तिंट्यावर मित्र एखादी गोष्ट सांगून हसायचे, हे उशिरा हसायचे. एकाने विचारलं, कशाला हसलास सांग बघू. त्या दिवसानंतर गेले नाहीत. पखवाजावर थाप पडते ते हाताला कळतं, पण पेटी कुठे आहे ते कळेना. म्हापशाला त्या जिन्यावर गेले ते कान तपासायला. यंत्र लागेल म्हणाले, दोन्हीकडे. ऐकून परत आले.

"मला का नाही सांगितलं?"

"तू सगळं जोरात बोलायला लागली असतीस," ते म्हणाले. "माझ्या आईशी बोलायचीस तशी."

शेवटी शेवटी मी सासूबाईंशी कसं बोलायचे ते मला आठवत होतं.

"आणि ही जंगलं?"

"तिथे सगळ्यांनाच गप्प बसायला सांगतात. कुणी काही विचारत नाही. सगळे नुसते बघतात." विहिरीच्या कठड्यावरचं पान त्यांनी उचलून टाकलं. "तिथे मी सगळ्यांसारखाच असतो."

एवढे महिने मी ज्या माणसावर पाळत ठेवली होती, त्याच्याकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं, असं काहीतरी मनात आलं; पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. आणि तो ह्यांच्यावर नव्हता. मला आठवत होता तो दिरांचा पायाचा अंगठा.

मे महिन्यात आम्ही दोघं मिळून त्याच जिन्यावरून वर गेलो. यंत्रं घेतली. पहिले काही दिवस हे वैतागले होते. कुकर, पंखा, माझ्या चपला, भांडी लावणं, सगळ्याचा त्रास. "तू इतकी आदळआपट करतेस रोज?" असं विचारलं, तेव्हा मी खूश झाले की चिडले हे मलाही सांगता यायचं नाही. पावसाळ्याआधी पुन्हा मोलेला गेलो. वाळक्या पानांवरून चालताना हे सारखे थांबत होते, मागे वळून बघत होते. कोण मागून येतंय असं त्यांना वाटत होतं. तो त्यांच्याच बुटांचा आवाज होता. जरा वेळाने एक यंत्र काढून शर्टाच्या बोल्सात टाकलं. "जंगलात एवढा गोंगाट असतो हे मला माहीत नव्हतं," म्हणाले. तरी दुसऱ्या कानातलं तसंच ठेवलं. ओढ्यापाशी तो शीळ घालणारा पक्षी त्या दिवशी नव्हताच. आम्ही वाट बघितली, मग पाऊस भरून आला, तेव्हा निघालो.

चवथीला हळर्णला गेलो. जायचं नाही असं माझ्या मनात होतं. हे म्हणाले, "देव आहे तिथे आमचा." दिरांनी तोवर आपल्या वाट्याचं काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. किल्ल्याच्या बाजूला, त्यांच्या अर्ध्यात, पत्र्याचं कुंपण उभं होतं. आमच्या बाजूच्या काजू तशाच. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. जाऊबाई करंज्या तळत होत्या, मी खोबरं किसत होते.

दुपारी गणपतीच्या जागेच्या वर माटोळी बांधायची होती. रानातली फळं, सुपाऱ्यांचे घोस, काकड्या, सगळं लाकडी चौकटीला टांगायचं. दीर स्टुलावर चढून बांधत होते, मी खालून एकेक देत होते. हे दाराजवळ सुपाऱ्या वेगळ्या करत बसले होते. खोलीत आम्ही तिघंच. मी हळू आवाजात विचारलं, "भावजी, ह्यांना ऐकू येत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तो दोर द्या वैनी," दीर म्हणाले.

मी दोर दिला. त्यांनी गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

"सांग तिला," दाराजवळून आवाज आला. ह्यांनी मान वर केली नव्हती. सुपाऱ्या निवडत होते.

दिरांचे हात थांबले. कानातलं यंत्र त्यांनी सकाळीच बघितलं होतं, पण ते खरंच चालतं याची त्यांना कल्पना नसावी. दोराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "गेल्या चवथीला. आरतीत दादाची टाळी मागे पडत होती. लहानपणापासून मी ती टाळी ऐकून आरती म्हणतो. चुकलेली लगेच कळली."

गेल्या चवथीला. म्हणजे मोलेच्या आधी. मी त्याच आरतीत, ह्यांच्या शेजारी उभी होते.

"आणि तो पांढऱ्या टोपीवाला?" मी विचारलं. "अणशीला, चांदोलीला आम्ही कधी आहोत हे त्याला कुणी सांगितलं? डाव्या बाजूला बस, हे कुणी सांगितलं?"

"जंगलात कुणीही कुणाला भेटतं वैनी," दीर म्हणाले. ते स्टुलावरून उतरले, हात झटकले. "दादा, चल. मूर्ती आणायची वेळ झाली."

मला वाटलं, हे आता उठणार नाहीत. पण उठले. पाट घेतला, डोक्याला टोपी घातली. मी दारात जाऊन उभी राहिले. दोघं भाऊ ओल्या पायवाटेने खाली गणपतीच्या चित्रशाळेकडे निघाले होते. दीर सवयीने ह्यांच्या उजव्या हाताला गेले. कितीतरी लांबपर्यंत दीर बोलत होते आणि हे मान खाली घालून ऐकत होते. एका ठिकाणी दोघंही थांबले. ह्यांनी काहीतरी विचारलं, दिरांनी उत्तर दिलं, मग पुन्हा चालू लागले.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, वाटेत काय बोलत होतात.

"पावसाचं," ते म्हणाले.

नंतर जाऊबाईंकडून काढून घेतलं, तर दिरांनीही त्यांना तेच सांगितलं होतं.